परदेशी स्थायिक होणारे समलिंगी बेने इस्रायली नोकरदार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, मुंबई, पुणे आणि अलिबाग परिसरातून नोकरीनिमित्त अमेरिका, कॅनडा, इंग्लंड किंवा इस्रायलला जाणाऱ्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातील, तरुण-तरुणींपैकी जे समलिंगी आहेत, त्यांच्यासाठी हे पान लिहिले आहे. भारतात आज ज्यूंची संख्या जेमतेम काही हजार उरली आहे. एवढ्या लहान समाजात प्रत्येक घर दुसऱ्या घराला ओळखते, त्यामुळे स्वतःविषयीची ही गोष्ट उघडपणे जगण्याचा विचार अनेक जण परदेशी गेल्यावरच प्रथम करतात. तिथे मात्र ज्यू मंडळी एका ठिकाणी, समलिंगी मंडळी दुसऱ्या ठिकाणी आणि मराठी माणसे तिसऱ्याच ठिकाणी भेटतात, असा अनुभव येतो. या तिन्हींचा मेळ कुठे आणि कसा बसतो, याविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न पुढे घेतले आहेत.

समलिंगी व्यक्तींना अनुकूल अशी ख्याती असलेले शहर निवडले म्हणजे पुरे होते का?

पुरे होत नाही. शहराची ख्याती कितीही मोठी असली, तरी शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारपर्यंतच्या विश्रांतिदिनाच्या) प्रार्थनेला तुम्ही कुठे जाणार आणि तिथून घरी कसे परतणार, यावर तुमचे पुढचे वर्ष अवलंबून असते. सॅन फ्रान्सिस्कोत नोकरी मिळाली असे आपण म्हणतो, पण कचेरी प्रत्यक्षात सनीव्हेल किंवा सांता क्लाराला असते. तिथून शुक्रवारच्या गर्दीत शहरात पोहोचेपर्यंत प्रार्थना संपत आलेली असते. याउलट न्यू जर्सीतील एडिसनला राहणाऱ्याला थेट गाडीने न्यू यॉर्कच्या पेन स्टेशनवर उतरता येते, आणि समलिंगी ज्यूंचे तेथील सर्वांत मोठे सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) स्टेशनपासून काही मिनिटांच्या चालण्यावर, पश्चिम ३० व्या रस्त्यावर आहे. म्हणून घराचा वर्षभराचा करार करण्याआधी सिनेगॉग ठरवावे आणि मग त्याच्या सोयीने घर शोधावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. शब्बाथला वाहनात न बसणाऱ्यांनी तर घरापासून चालत जाण्याचे अंतर आधी नकाशावर पाहावे.

समलिंगी ज्यूंनी स्वतः स्थापन केलेली सिनेगॉग कोठे आहेत, आणि तिथे प्रार्थना कशी होते?

अशा सिनेगॉगांचा इतिहास पन्नास वर्षांहून जुना आहे. लॉस एंजेलिसचे बेथ चायिम चदाशिम १९७२ मध्ये सुरू झाले आणि दोनच वर्षांत, १९७४ साली, अमेरिकेतील रिफॉर्म (धर्माचरणात कालानुरूप बदल मानणाऱ्या) सिनेगॉगांच्या महासंघाने त्याला सदस्यत्व दिले. न्यू यॉर्कचे बेत सिमखत तोरा १९७३ मध्ये चेल्सी भागातील एका चर्चच्या जागेत मूठभर लोकांच्या प्रार्थनेतून उभे राहिले आणि २०१६ मध्ये स्वतःच्या वास्तूत गेले. वॉशिंग्टनचे बेत मिशपाखा १९७५ चे, सॅन फ्रान्सिस्कोचे शाआर झाहाव १९७७ चे, अटलांटाचे बेत हवेरिम १९८५ चे, तर लंडनचे बेत क्लाल इस्रायल १९९० चे. ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत एड्सच्या साथीने या मंडळींची फार मोठी हानी केली. ज्या तरुणांना रक्ताच्या नातेवाइकांनी दूर लोटले होते, त्यांची शुश्रूषा, त्यांचे दफन आणि त्यांच्यासाठी कद्दिश (मृतांसाठीची प्रार्थना) म्हणणे हे सारे या सिनेगॉगांनी केले. आजही तिथे दिवंगतांची नावे वाचली जातात तेव्हा नवागताला ती यादी लांब का आहे हे कळायला हवे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

प्रार्थनेची मूळ चौकट आपल्या ओळखीचीच असते. शेमा, अमिदा आणि लेखा दोदी या प्रार्थना त्याच, मात्र चाली निराळ्या असतात आणि स्त्री-पुरुष एकत्र बसतात. काहींनी स्वतःची प्रार्थनापुस्तके सिद्ध केली आहेत. त्यांत जोडीदाराच्या वियोगासाठी, किंवा आईवडिलांना स्वतःविषयी सांगण्यापूर्वी म्हणावयाच्या प्रार्थनाही सापडतात. मुंबईच्या हझनच्या (प्रार्थना गाणाऱ्याच्या) स्वरांवर वाढलेल्या कानांना सुरुवातीला हे परके वाटते, तेव्हा दोन-चार शुक्रवार जाऊ द्यावेत. फिलाडेल्फियासारख्या काही ठिकाणी समलिंगी ज्यूंचे सिनेगॉग कालांतराने जुन्या, मोठ्या सिनेगॉगमध्ये सामील झाले. मुख्य प्रवाहाने दारे उघडल्यावर वेगळ्या छपराची गरज तिथे कमी झाली, असा याचा अर्थ मी घेतो.

मुंबईत आमचे कुटुंब परंपरानिष्ठ सिनेगॉगला जाते. तिकडच्या रिफॉर्म, कन्झर्व्हेटिव्ह वगैरे पंथांत नेमका फरक काय?

मुंबईत १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेल्या शार हारहमीमपासून बहुतेक सिनेगॉगांत परंपरेनुसार उपासना चालत आली आहे. तरीही रिफॉर्मसारखा प्रागतिक पंथ आपल्याला अगदीच नवखा नाही. डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने १९२५ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन झाली आणि तिचे रोदेफ शालोम हे सिनेगॉग भायखळ्याला आहे. घरी समजावून सांगताना या संस्थेचा दाखला उपयोगी पडतो.

अमेरिकेत अशाच प्रागतिक रिकन्स्ट्रक्शनिस्ट पंथाच्या रब्बी (धर्मगुरू) महाविद्यालयाने १९८४ मध्ये समलिंगी विद्यार्थ्यांना उघडपणे प्रवेश दिला. रिफॉर्म पंथाच्या रब्बींच्या परिषदेने १९९० मध्ये समलिंगी रब्बींना मान्यता दिली, आणि समलिंगी विवाहविधी करणाऱ्या रब्बींना २००० साली पाठिंबा जाहीर केला. परंपरा आणि बदल यांचा मेळ घालणाऱ्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या हलाखाविषयक (धर्मनियमांच्या) समितीने डिसेंबर २००६ मध्ये समलिंगी रब्बींचा मार्ग मोकळा करणारा निवाडा स्वीकारला, मात्र त्याच दिवशी विरुद्ध मताचा निवाडाही स्वीकारला गेला. त्यामुळे या पंथात पाटीपेक्षा त्या सिनेगॉगचा रब्बी कोण आहे हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

परंपरा काटेकोरपणे पाळणारा ऑर्थोडॉक्स पंथ लेवीय ग्रंथातील समलिंगी संबंधांचा निषेध कायम मानतो आणि समलिंगी विवाह लावत नाही. परंतु तिथेही सारे चित्र एकरंगी नाही. २०१० मध्ये अनेक ऑर्थोडॉक्स रब्बींनी एका निवेदनावर सह्या करून अशा व्यक्तींना सन्मानाने वागवावे आणि त्यांना सिनेगॉगात स्थान असावे, असे म्हटले. ऑर्थोडॉक्स समलिंगी व्यक्ती आणि त्यांच्या आईवडिलांसाठी काम करणारी एशेल ही संस्था कोणत्या सिनेगॉगात मोकळेपणाने वावरता येईल याविषयी मार्गदर्शन करते. इंग्लंडमध्ये मुख्य रब्बी एफ्राइम मिरविस यांनी २०१८ मध्ये ऑर्थोडॉक्स शाळांसाठी समलिंगी विद्यार्थ्यांच्या कल्याणाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ज्यांना परंपरा सोडवत नाही त्यांनी ती सोडण्याची घाई करू नये. मात्र कोणत्या बाबतीत मान्यता मिळणार नाही, याची स्पष्ट कल्पना आधीपासून ठेवावी.

‘सर्वांचे स्वागत आहे’ असे जवळजवळ प्रत्येक सिनेगॉग सांगते. त्यावर विसंबावे का?

त्या एका वाक्यावर विसंबू नये. सिनेगॉगच्या कार्यालयाला जाण्याआधीच पत्र लिहावे आणि मोघम विचारण्याऐवजी थेट विचारावे. आम्हा दोघांची नोंद एक कुटुंब म्हणून होईल का, आणि सदस्यांच्या यादीत दोन्ही नावे छापली जातील का? विवाहाआधीच्या शब्बाथला आम्हा दोघांना तोरापुढे (पवित्र ग्रंथाच्या गुंडाळीपुढे) एकत्र बोलावले जाईल का? उद्या मूल झाले तर नामकरणाच्या वेळी दोन्ही पालकांची नावे घेतली जातील का? माझ्या जोडीदाराचे वडील वारले तर त्यांचे नाव कद्दिशच्या वेळी वाचले जाईल का? तुमच्या विश्वस्त मंडळावर किंवा शिक्षकवर्गात कोणी उघडपणे समलिंगी आहे का?

या प्रश्नांना सरळ होकार मिळाला तर जावे. सरळ नकार मिळाला तरी तो प्रामाणिक असतो आणि तुमचा वेळ वाचतो. सर्वांत फसवे असते ते गोड बोलून ताकास तूर लागू न देणारे उत्तर: तुम्ही एकदा या तर खरे, मग बघू. असे सांगणाऱ्या ठिकाणी लोक किद्दुशच्या (प्रार्थनेनंतरच्या फराळाच्या) वेळी हसतमुखाने बोलतात, पण वर्ष उलटले तरी तुमच्या जोडीदाराचा उल्लेख मित्र असाच होत राहतो. असा उल्लेख पहिल्यांदा झाला की सौम्यपणे दुरुस्त करावा. दुसऱ्यांदा झाला तर रब्बींशी बोलावे. पुढेही चालूच राहिला, तर त्या सिनेगॉगने आपले उत्तर दिले आहे असे समजून दुसरे दार ठोठवावे.

खबाद या ऑर्थोडॉक्स चळवळीच्या जगभरच्या केंद्रांविषयीही हेच लागू होते. परक्या गावी शुक्रवारी गरम जेवण आणि आस्थेची चौकशी तिथे हमखास मिळते. जोडीदाराला जोडीदार म्हणून मान्यता मात्र तिथे अपेक्षित धरू नये.

सिनेगॉगच्या दारावर अडवले जाते असे ऐकले आहे. ते आपल्या रंगामुळे का?

२००८ मध्ये नरिमन हाउस या मुंबईतील खबाद केंद्रावर हल्ला झाल्यापासून मुंबईच्या सिनेगॉगांत ओळखपत्र दाखवण्याची आपल्याला सवय आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगात ११ जणांची हत्या झाली, आणि तेव्हापासून तिथेही पहारा कडक आहे. तपासणी सगळ्यांचीच होते, परंतु सावळ्या वर्णाच्या आणि पेणकर किंवा नागावकर आडनावाच्या पाहुण्याला चार प्रश्न जास्त विचारले जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. भेटीच्या काही दिवस आधी नाव कळवावे, येताना पासपोर्ट जवळ ठेवावा आणि शक्य असल्यास एखाद्या सदस्याला दारापाशी भेटायला बोलवावे. आत गेल्यावर ‘तुम्ही धर्मांतर केव्हा केलेत?’ असा प्रश्न ऐकावा लागण्याची शक्यता मोठी आहे. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके शनिवार पाळून तेलाचे घाणे चालवणाऱ्या पूर्वजांची हकीकत दोन वाक्यांत सांगता येईल अशी तयार ठेवा, कारण ती पुन्हा पुन्हा सांगावी लागते. ती सांगण्याचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे. अशा वेळी एखाद्या जुन्या सदस्याने पुढे होऊन आपल्या वतीने ती सांगितली, तर तो समाज आपला होऊ लागला असे खुशाल मानावे.

माझा जोडीदार हिंदू आहे. त्यामुळे अडचण येईल का?

आपला समाज एवढा लहान आहे की समलिंगी बेने इस्रायली व्यक्तीचा जोडीदार बहुधा ज्यू नसतोच. रिफॉर्म आणि रिकन्स्ट्रक्शनिस्ट सिनेगॉगांत, तसेच वर सांगितलेल्या समलिंगी ज्यूंच्या सिनेगॉगांत, अशी जोडपी मोठ्या संख्येने दिसतात. विवाह लावायचा की नाही हे रिफॉर्म पंथात प्रत्येक रब्बी स्वतः ठरवतो. कन्झर्व्हेटिव्ह रब्बी आंतरधर्मीय विवाह लावत नाहीत. म्हणजे काही ठिकाणी समलिंगी असणे चालते आणि जोडीदाराचा धर्म चालत नाही, याची जाणीव ठेवून दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावेत. जोडीदारावर धर्मांतराचा दबाव येऊ देऊ नये. त्याला स्वतःहून शिकावेसे वाटले, तर वर्षभराचे वर्ग सर्वत्र असतात.

जोडीदाराला सोबत नेता येते का?

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, परंतु १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने विवाहाचा हक्क मिळाला नाही. अमेरिकेत २०१३ पासून समलिंगी विवाह व्हिसासाठी ग्राह्य धरला जातो. तथापि तो जिथे कायदेशीर आहे अशा ठिकाणी झालेला असावा लागतो आणि केवळ एकत्र राहिल्याने नोकरदाराच्या जोडीदाराला अवलंबिताचा व्हिसा मिळत नाही. इंग्लंड आणि कॅनडा अविवाहित जोडीदारालाही विचारात घेतात, मात्र नात्याचे पुरावे मागतात. म्हणून भाडेकरार, संयुक्त खाते आणि प्रवासाची कागदपत्रे आजपासूनच जपून ठेवावीत. नियम बदलत राहतात, तेव्हा अर्जापूर्वी या विषयातील वकिलाचा सल्ला घेण्यावर केलेला खर्च वाया जात नाही.

मी तिथे उघडपणे वावरलो तर बातमी ठाण्यापर्यंत पोहोचेल का?

पोहोचू शकते, आणि बहुधा अनपेक्षित वाटेने पोहोचते. अनेक सिनेगॉग शब्बाथच्या प्रार्थनेचे थेट प्रक्षेपण करतात. तुम्ही दुसऱ्या रांगेत जोडीदाराच्या शेजारी बसलेले असता आणि इकडे एखादी मावशी सणाच्या निमित्ताने तेच प्रक्षेपण पाहत असते. कॅमेरा कोणत्या बाजूला आहे आणि कोणत्या जागा चित्रात येत नाहीत, हे दारावरच्या स्वयंसेवकाला विचारले तर तो लगेच दाखवतो, कारण असे विचारणारे तुम्ही एकटे नसता. छायाचित्रे, सदस्यांची छापील यादी आणि वाढदिवसाच्या घोषणा यांविषयीही आधीच सांगून ठेवावे. ज्या सिनेगॉगात ही विनंती गांभीर्याने घेतली जात नाही, तिथे रुळण्याचा विचार मी करणार नाही. घरी केव्हा सांगायचे हा निर्णय तुमचा आहे. तो दुसऱ्या कोणाच्या निष्काळजीपणामुळे तुमच्यावर लादला जाऊ नये.

मराठीपण आणि बेने इस्रायली चालीरीती तिकडे टिकवता येतात का?

येतात, मात्र त्यासाठी स्वतः यजमान व्हावे लागते. टोरांटोत बेने इस्रायलींची स्वतःची बीना ही मंडळी आहे. इतरत्र आपली घरे विखुरलेली आहेत. समलिंगी दक्षिण आशियाई लोकांसाठी सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९८६ पासून त्रिकोण ही संस्था आहे आणि न्यू यॉर्कमध्ये साल्गा. न्यू यॉर्कच्या जॅक्सन हाइट्स भागात तर भारतीय वाणसामानाची दुकाने आणि १९९३ पासून निघणारी क्वीन्सची प्राइड मिरवणूक एकाच वस्तीत नांदतात. महाराष्ट्र मंडळांत गणपती-दिवाळीला जरूर जावे. जोडीदारासह जाण्यापूर्वी तिथल्या एखाद्या समवयस्क कुटुंबाशी ओळख करून घेतल्यास पहिली भेट सोपी जाते.

जर्सी सिटीतील एका नव्या घरी झालेला मलिदा, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या स्मरणाचा आपला आभारविधी, मी पाहिला आहे. दाराच्या चौकटीवर मेझुझा (धर्मवचनांची डबी) नुकताच लावलेला होता. भिजवून निथळलेल्या पोह्यांत गोठवलेला किसलेला नारळ, साखर, वेलची, जायफळ आणि बदामाचे काप घातलेले होते, ताटात फळे मांडलेली होती आणि काळ्या मनुका भिजवून किद्दुशचे सरबत केले होते. दोघा यजमानांपैकी एक ठाण्याचा बेने इस्रायली होता आणि दुसरा नागपूरचा हिंदू. नारळ त्यानेच आणला होता. पाहुण्यांपैकी बहुतेक युरोपीय वंशाचे ज्यू होते. मलिदा त्यांनी कधी ऐकलाही नव्हता, परंतु ‘एलियाहू हन्नबी’ हे गीत सुरू होताच सारे गाऊ लागले, कारण शब्बाथ संपताना तेही हे शब्द गातात. त्यांची चाल वेगळी असल्यामुळे पहिल्या कडव्यात गोंधळ झाला, मग सगळ्यांनी कोकणची चाल धरली. त्यानंतर त्या मंडळींच्या सिनेगॉगात या दोघांना नवे म्हणून कोणी ओळखले नाही. आपली रीत समजावून सांगण्यापेक्षा ती करून दाखवून लोकांना जेवू घालणे अधिक परिणामकारक ठरते.

त्यापेक्षा इस्रायललाच जाणे योग्य नाही का? तिथे आमचे नातेवाईक आहेत.

हा प्रश्न भावनेचा आहे, म्हणून दोन्ही बाजू नीट समजून घ्याव्यात. परतीच्या कायद्याखाली ज्यू व्यक्तीला नागरिकत्व मिळते आणि २०१४ पासून समलिंगी विवाहातील ज्यू नसलेल्या जोडीदारालाही ते खुले झाले. इस्रायलमध्ये विवाह धार्मिक अधिकाऱ्यांकडेच होत असल्याने समलिंगी विवाह तिथे लागत नाही, परंतु परदेशात लागलेल्या विवाहाची सरकारी नोंद २००६ च्या न्यायालयीन निकालापासून होते. तेल अवीवमध्ये महापालिकेचे समलिंगींसाठीचे केंद्र मेईर उद्यानात आहे. जेरुसलेममध्ये १९९७ पासून ओपन हाउस ही संस्था चिकाटीने काम करते, परंतु त्याच शहराच्या २०१५ च्या मिरवणुकीत चाकूहल्ल्यात १६ वर्षांच्या शिरा बंकीचा बळी गेला. धार्मिक पुरुषांसाठी हव्रुता आणि धार्मिक स्त्रियांसाठी बात कोल या संस्था आहेत, आणि शब्बाथ पाळणाऱ्यांना त्यांचा मोठा आधार वाटतो.

अडचण अशी की मराठी बोलणारे आपले लोक प्रामुख्याने अशदोद, रमला, लोद, दिमोना आणि बेर शेवा येथे आहेत, आणि मोकळे वातावरण तेल अवीवमध्ये आहे. नोकरी आणि घर तेल अवीवला, आणि मलिदा-लग्नकार्याला नातेवाइकांकडे, असा मध्यममार्ग अनेकांना सोयीचा वाटतो. कागदपत्रांत आईवडिलांचा कतुबा (ज्यू विवाहकरार) आणि आपल्या सिनेगॉगचे पत्र सोबत असावे. १९६० च्या दशकात तेथील रब्बीपीठाने आपल्या ज्यूपणावर शंका घेतली होती. समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले आणि १९६४ साली सरकारने बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. ज्या वडीलधाऱ्यांनी तो अपमान सोसला, त्यांच्यापैकी काहींना तुमची गोष्ट अनपेक्षितपणे लवकर समजते. सगळ्यांना समजेल असे नाही, पण सांगताना या आठवणीपासून सुरुवात करून पाहावी.

समलिंगी मंडळींच्या वर्तुळात ज्यू म्हणून त्रास होतो का?

काही वेळा होतो. २०१७ मध्ये शिकागोच्या एका मोर्चातून दावीदची चांदणी (ज्यूंचे चिन्ह) असलेले इंद्रधनुषी झेंडे घेतलेल्या स्त्रियांना निघून जाण्यास सांगितले गेले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचे युद्ध सुरू झाल्यानंतर अनेकांना मैत्रीच्या आधी इस्रायलविषयीची भूमिका विचारली जाऊ लागली. राजकीय मत काहीही असो, ज्यू असण्याची जबानी द्यावी लागणे अन्यायाचे आहे. अशा प्रसंगी ज्यू समलिंगी गटांचा आधार घ्यावा. अमेरिकेत १९९६ मध्ये बॉस्टनला सुरू झालेली केशेत आणि लंडनमध्ये १९७२ पासून चालत आलेला ज्यू समलिंगी गट ही नावे लक्षात ठेवावीत.

कचेरीत काय सांगावे?

अमेरिकेत जून २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार समलिंगी असण्यावरून नोकरीत भेदभाव करता येत नाही, आणि इंग्लंडमध्ये २०१० च्या समानता कायद्याचे संरक्षण आहे. रोश हशाना (ज्यू नववर्ष) आणि योम किप्पूर (उपवासाचा प्रायश्चित्तदिन) यांची रजा रुजू होतानाच लेखी कळवावी, कारण ते दिवस सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ऐन कामात येतात.

सदस्यत्वाची वर्गणी परवडत नसेल तर?

अमेरिकन सिनेगॉगांची वार्षिक वर्गणी आपल्या दृष्टीने मोठी असते, परंतु तरुणांना आणि नवागतांना सवलत मागता येते आणि ती मागण्यात कमीपणा नाही. वर सांगितलेल्या न्यू यॉर्कच्या सिनेगॉगने तर अनेक वर्षे योम किप्पूरची प्रार्थना जेविट्स सेंटरच्या भव्य सभागृहात तिकिटाशिवाय सर्वांना खुली ठेवली आहे.

लहान गावी बदली झाली आणि जवळ असे काहीच नसले तर?

जवळच्या मोठ्या शहरातील एका सिनेगॉगचे सदस्यत्व घ्यावे, एरवी प्रार्थना घरून ऐकावी आणि महिन्यातून एका शुक्रवारी तिथेच मुक्कामाला जावे. मुक्कामासाठी एखाद्या सदस्याच्या घरी सोय होते का, हे कार्यालयाला निःसंकोच विचारावे, कारण शब्बाथला पाहुणा ठेवून घेणे ही ज्यू घरांची जुनी रीत आहे. गावात रिफॉर्म सिनेगॉग असेल, तर तिथे वयस्कर मंडळीच जास्त दिसतील. त्यांना टाळू नये. त्यांच्यापैकी अनेकांची मुले किंवा नातवंडे समलिंगी असतात, आणि तुमच्या जोडीदाराची ताटली आधी वाढणारे हात बहुधा त्यांचेच असतात. सहा महिन्यांनीही एकटेपणा सरला नाही, तर कंपनीकडे बदली मागावी आणि अर्जात धार्मिक समाजाच्या अभावाचे कारण स्पष्ट लिहावे.